मातीचा नमुना

तालुका कृषी कार्यालयात दिघेसाहेबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. डोंगरउतारावर शेत असलेल्या द्रुपदाबाईंनी बांध घालायला अनुदान मागितलं, तर साहेब म्हणाले, "तुमची माती वाहून जाते याला पुरावा काय? शेतातून नमुना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी बाईंनी साहेबांच्या टेबलावर पिशवी उपडी केली. नुसते गोटे खडखडले.

"अहो, यात माती कुठंय?"

"हाच पुरावा, साहेब. माती हाताला लागली असती, तर बांध मागायला कशाला आले असते?"

साहेबांनी हसू दाबत अर्ज पुढं ओढला. "पाहणीला पुढच्या महिन्यात येतो."

"मृगाच्या आधी या," बाई म्हणाल्या, "नाहीतर शेत बघायला नदीत उतरावं लागेल."

साहेबांनी त्याच दुपारी जीप काढायला लावली.