नगाऱ्यातला साक्षीदार

"भद्!"

पहाटे रायबाने नगाऱ्यावर टिपरू हाणलं आणि असा आवाज आला, जणू कोणी उशीवर उशी आपटली! त्याने पुन्हा हाणलं. पुन्हा "भद्!" किल्ल्यात कोणालाही जाग आली नाही. प्रचंडसेन महाराज तर दुपारच्या पंगतीची पानं मांडली, तेव्हा उठले!

"रायबाचं काम काढून घ्या!" ते गरजले.

जुना नगारा फुटला म्हणून रायबाने हा वापरलेला नगारा चित्रपेठेतून मागवला होता. चित्रपेठ ही महाराजांचीच लाडकी कल्पना. स्वार वस्तूंची चित्रं घेऊन गावोगाव फिरत. चित्रावर बोट ठेवलं की वस्तू घरपोच! या नगाऱ्याच्या चित्राखाली विकणाऱ्या माणकोजीशेटने लिहिलं होतं, "थोडासाच वापरलेला. आवाज ढगांच्या गडगडाटासारखा."

रायबा डोक्याला हात लावून बसला. त्याची मुलगी हौसा फारशी बोलायची नाही, पण तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. तिने नगाऱ्याला कान लावला. आत खुडखुड झाली! दोरीच्या आड सुपारीएवढं भोकही दिसलं. तिने त्यात चिंधी कोंबली.

"बाबा, नगारा उचला आणि चला दरबारात!"

माणकोजीशेट तिथे हजरच होता. एका हाताने मुजरा, दुसरा हात पागोट्यावर.

"शेटजी, नगारा वाजत नाही. परत घ्या," हौसा हळूच म्हणाली.

"माझ्याकडे असा वाजायचा की शेजारी भांडायला यायचे! तुमच्याकडे बिघडला, त्याला मी काय करू?"

"आणि माझा नियमच आहे," महाराज म्हणाले, "वस्तू घरपोच झाली की तक्रार संपली!"

"पण महाराज, तो शेटजींच्या घरीच बिघडलेला होता."

"असं? मग साक्षीदार आण! शेटच्या घरी राहिलेला आणि या नगाऱ्याच्या आत जाऊन आलेला! नाही आणलास, तर उद्यापासून नगारखान्यात दुसरा माणूस!"

दरबार खो खो हसला. नगाऱ्याच्या आत कोण जाणार? रायबाचा चेहरा पडला. हौसा मात्र नगाऱ्याजवळ जाऊन म्हणाली, "आणलाय, महाराज! फक्त तो माझ्याहून लाजाळू आहे. त्याला शेंगदाणा लागेल."

तिने चिंधी काढली आणि भोकापुढे शेंगदाणा ठेवला. आधी मिशा आल्या. मग नाक. मग अख्खा गलेलठ्ठ उंदीर!

"उंदीर!" महाराज टुणकन सिंहासनावर उभे राहिले. प्रधानजी खांबामागे!

"नुसता उंदीर नव्हे महाराज, शेटजींचा भाडेकरू!"

"खोटं!" शेट ओरडला. "यांच्याच झोपडीत शिरला असेल! तिथे उंदरांना काय तोटा?"

हौसाने भोकात दोन बोटं घालून आतलं घरटं ओढलं. ओढतच राहिली! हिरवं रेशीम, आणि त्यात जरीचे धागे!

"आमच्याकडचे उंदीर गोणपाटावर झोपतात, शेटजी. एवढी श्रीमंत गादी त्यांना कुठली?"

सगळ्यांच्या नजरा शेटच्या हिरव्या, जरीच्या पागोट्याकडे वळल्या.

"अशी पागोटी पुष्कळांची असतात!"

"असतात की! मग तुमचा हात मघापासून पागोट्यावरून का हलत नाही? जरा सोडून दाखवा ना!"

महाराजांनी मान हलवली. भालदाराने पागोटं उलगडलं. मधोमध भाकरीएवढं भगदाड! भालदाराने त्यातून डोकं बाहेर काढून दरबाराकडे पाहिलं. हशा आवरेना!

महाराजांनी मात्र हसू ओठांत दाबलं. "साक्ष पटली. पण मुली, माझा नियम मोडायचा नाही. नगारा घरपोच झाला ना?"

"कुठे झाला, महाराज? चित्रात नगारा होता. आमच्याकडे आला तो उंदराचा वाडा! नगारा अजून यायचाच आहे, मग तक्रार संपेल कशी?"

महाराज इतके हसले, की मुकुट नाकावर घसरला! "शेट, गडगडाट करणारा नगारा आण आणि बोडक्या डोक्यावरून स्वतः नगारखान्यात पोचव! आणि आजपासून चित्रपेठेतली प्रत्येक वस्तू आधी हौसा पाहील, मगच त्या वस्तूचं चित्र निघेल!" त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून हौसाच्या हातात ठेवला. "आणि आपला साक्षीदार? त्यालाही बक्षीस देऊ! कुठे गेला तो?"

हौसाने लाजत बोट दाखवलं. सिंहासनाच्या गादीतून एक शेपूट बाहेर लोंबत होतं!