निळ्या फितीची गाठ

एका राज्यात बारा कुळे होती आणि बारा कुळांचा एक याजक होता. त्याचे नाव यादोन. राजाला काही अडले की यादोन छातीवर ऊरपट बांधून वेदीपुढे उभा राही. ऊरपटावर बारा कुळांची बारा रत्ने आणि त्यामागच्या खिशात दोन दगड, पांढरा उरीम आणि काळा थुम्मीम. राजा प्रश्न विचारी, याजक न बघता खिशात हात घाली. पांढरा निघाला तर हो, काळा निघाला तर नाही. एका वेळी एकच प्रश्न, आणि जेवढे विचारले तेवढेच उत्तर. त्यापलीकडे दगड काही सांगत नसत.

यादोनचा धाकटा भाऊ इथियेल. ऊरपटाची रत्ने तो पुसी, उसवलेली जरीची शिवण तो घाली, आणि निळी फीत दादाच्या पाठीवर रोज सकाळी तोच बांधी. बारा वर्षे त्याने दादाची पाठ पाहिली. लोक वाकत ते यादोनपुढे, आणि पोटात दुखे ते इथियेलच्या. वडिलांनी मरताना दगडांना विचारले होते आणि ऊरपट यादोनला मिळाला होता. म्हणजे दगडांनी आपल्याला नाकारले, हे इथियेलने मनाशी पक्के केले होते.

एके वर्षी नगराचा झरा आटला. राजा शल्लूम विचारायला येणार, त्याच सकाळी फीत बांधता बांधता इथियेलने खिशातले दगड काढले आणि नदीतले दोन गोटे, एक पांढरा आणि एक काळा, ठेवले. राजाने विचारले, "पश्चिमेला खणावे काय?" पांढरा गोटा निघाला. लोकांनी आठ दिवस खणले. हाती धूळ लागली.

"याजका," राजा म्हणाला, "तिसऱ्या दिवशी पुन्हा विचार. पाणी लागले नाही, तर तुला वाळवंटात हाकलीन."

इथियेल मनातून खूश झाला. घरी जाऊन त्याने दार लावले, खरे दगड मुठीत धरले आणि विचारले, "दादापेक्षा मी थोर आहे काय?" मूठ मिटली ती उघडेना. पाचही बोटे दगडाची झाली.

मंदिरातला पारवा खिडकीत येऊन बसला. तो माणसासारखा बोले, त्याचे कुणाला नवल नव्हते.

"चोरलेल्या दगडांचा शाप आहे," पारवा म्हणाला. "तीन कामे कर, म्हणजे मूठ सुटेल. खाऱ्या समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचा थेंब आण. खडकात फुलणाऱ्या बदामाचे फूल आण. तिसरे काम तिसऱ्या दिवशी सांगेन."

इथियेल समुद्रात उतरला. एका आंधळ्या मासळीने वाट दाखवली, थेंब मिळाला, करंगळी सुटली. "दादाला हे जमले नसते!" तो म्हणाला. करंगळी पुन्हा मिटली. दुसऱ्या दिवशी तो खडकावर चढला. पहाऱ्यावरच्या सापाने तीनदा नाव विचारले, त्याने तीनदा खरे सांगितले. फूल मिळाले, दोन बोटे सुटली. "आता लोक कुणाला मानतात ते दादाने बघावेच!" तो म्हणाला. दोन्ही बोटे मिटली. या बाबाला एवढे कळेना, की नुसते गप्प बसला असता तरी काम झाले असते.

तिसऱ्या दिवशी सारे नगर वेदीपुढे जमले. लेकरांचे ओठ फुटले होते. पारवा खांबावरून म्हणाला, "तिसरे काम रोजचेच आहे. फीत बांध."

इथियेल दादामागे उभा राहिला. एका हाताने फीत बांधणार कशी? एक टोक धरावे तर दुसरे निसटे.

"हाताला काय झाले?" यादोनने मान न वळवता विचारले.

इथियेलला राहवले नाही. "दादा, दगडांनी मला नाकारले, तेव्हा तुला आनंद झाला होता का?"

"कधी नाकारले?"

"बाबा गेले त्या दिवशी."

"मी तिथेच होतो, इथियेल. बाबांनी एकच प्रश्न विचारला, 'यादोनने ऊरपट बांधावा काय?' पांढरा निघाला आणि बाबांनी डोळे मिटले. तुझे नाव कुणी विचारलेच नाही."

इथियेलला रडू फुटले. ज्या नकारावर तो बारा वर्षे जळत होता, तो कुणी दिलाच नव्हता. तेवढ्यात ऊरपट दादाच्या छातीवरून घसरला. लहानपणापासून जपलेली ती वस्तू पडताना पाहून इथियेलने झेप घेतली आणि दोन्ही हातांनी ती झेलली. दोन्ही हातांनी! उरीम आणि थुम्मीम फरशीवर खणकन वाजले.

"मी चोरले," इथियेल सगळ्यांदेखत म्हणाला. "दादाचा दोष नाही."

यादोनने त्याच्याकडे पाहिले. ती नजर इथियेलला सोसवेना. मग यादोनने खिशातले गोटे काढून टाकले, खरे दगड उचलून आत ठेवले आणि पाठ वळवली. "बांध," तो म्हणाला. इथियेलने फीत बांधली.

राजाने विचारले, "पाणी वेदीखाली आहे काय?" पांढरा निघाला. पहिल्याच घावाला झरा उसळला आणि ऊरपटाची बारा रत्ने उजळली.

राजाने पुन्हा विचारले, "या चोराला हाकलावे काय?" यादोनने खिशात हात घातला. काळा निघाला.

लोक घागरी घेऊन धावले. वेदीपुढे दोघे भाऊच उरले.

"आता तुझे नाव विचारू?" यादोन म्हणाला.

इथियेलला 'विचार' म्हणावेसे फार वाटले. खोटे कशाला सांगू, अगदी ओठांवर आले होते.

"नको," तो म्हणाला, आणि दादाच्या पाठीवरची सैल झालेली गाठ त्याने पुन्हा आवळली. जरा जास्तच आवळली.