नागोजीचा एकतर्फी घटस्फोट

एका आडगावात एक भोळा शिंपी होता, नागोजी. सांगितलेलं शब्दशः पाळायचा. बायको सगुणा एकदा चिडून म्हणाली, "मला तुमचं तोंड बघायचं नाही!" तेव्हापासून तो डोळ्यांसकट अख्ख्या तोंडावर फडकं बांधून शिवायला बसू लागला. पाटलांच्या सदऱ्याला तीन बाह्या आल्या.

"मला मोकळं करा," म्हणत सगुणा शेजारच्या गावी माहेरी गेली.

नागोजी तालुक्याला इनामदार वकीलबाईंकडे गेला. बाई म्हणाल्या, "आधी आपली नोटीस तिच्या हातात पडली पाहिजे."

नागोजी पाकीट घेऊन सासऱ्यांच्या अंगणातल्या चिंचेवर चढला. सगुणा झाडाखाली आली की नेम धरून पाकीट सोडायचा. शेवटी ते म्हशीनं खाल्लं.

बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, हे पोस्टमनचं काम! तुम्ही घरी बसायचं."

नोटीस गेली, कोर्टाचं समन्सही गेलं. सगुणाचं उत्तर नाही. बाईंनी नागोजीला निरोप धाडला, "प्रतिज्ञापत्रावर सही करायला या."

दारात पोस्टमन उभा. "नागोजींनी पाठवलंय. सही कुठं करू?"

बाईंनी नागोजीला बोलावून झापलं, "घटस्फोट तुमचा आहे! जे करायचं ते स्वतः जाऊन करायचं!"

"बरं," नागोजी म्हणाला.

तारीख आली. बाई कुजबुजल्या, "आता सगुणाचा पुकारा होईल. ती आली नाही, की निकाल एकतर्फी. आपलं काम झालं."

शिपाई व्हरांड्यात ओरडला. कुणी आलं नाही. बाई खूश होऊन वळल्या, तर नागोजी गायब.

नागोजीला शिपायाची कीव आली होती. इथून ओरडून तिला तिकडं कसं ऐकू जाणार? स्वतः जाऊन करायचं!

जेवणाच्या सुट्टीनंतर तो घामाघूम होऊन आत आला. "साहेब, आणली!"

मागं सगुणा. हाताला भाकरीचं पीठ तसंच. सायकलवर बसून केस विस्कटलेले.

"आता एकतर्फी कसला?" जज्जसाहेब म्हणाले. "सगुणाबाई, तुमचं म्हणणं काय?"

"मला घटस्फोट हवाच आहे! आज तर जास्तच!"

"मग भांडण कसलं? संमतीनं घ्या. वेगळे राहताच आहात. आता अर्ज करायला फक्त दोघं एकत्र या."

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या दारात बैलगाडी थांबली. तीत शिलाई मशीन, बाज, दोन गोधड्या आणि शेळी.

सासरे धावत बाहेर आले. "जावईबापू, हे काय?"

नागोजी शेळीसाठी खुंटी ठोकत म्हणाला, "मामा, घटस्फोट नको का घ्यायला?"