मेतकुटाचा मजकूर

देवरुखच्या इंदुमती खातूंची मसाल्यांची वेबसाइट शोधूनही कुणाला सापडत नव्हती. दुकान बंद पडायची वेळ आली होती. साइटवर घरच्या मसाल्यांच्या आठवणी लिहाव्यात, असं त्यांच्या मनात होतं. पण पुण्याहून बोलावलेला सल्लागार ऐटीत म्हणाला, "काकू, मोठ्या कंपन्यांचा मजकूर उचला, चार शब्द फिरवा. तुमच्या आठवणी कोण वाचणार?"

इंदुमतीबाई म्हणाल्या, "अहो, नक्कल करून पहिला नंबर मिळत असता, तर झेरॉक्सवालाच बोर्डात पहिला आला असता!"

आणि बाईंनी स्वतःच लिहायला घेतलं. सासूबाई जात्यावर मेतकूट दळायला बसल्या की भाजल्या डाळींचा वास गल्लीच्या टोकापर्यंत कसा जायचा, ते लिहिताना त्यांचे डोळे भरून आले.

वर्षभरात मेतकूट शोधणाऱ्यांना त्यांचंच पान सर्वांत वर दिसू लागलं. अमेरिकेतून मागणी आली, सोबत एक ओळ: "वाचता वाचता आईच्या पदराचा वास आला."