आढ्याला टांगलेला तंबोरा

फार पूर्वी, घड्याळ कोणाच्याच घरी नव्हतं तेव्हा, नदीकाठी तंबोरे बनवणाऱ्यांचं एक गाव होतं. त्या गावाची एक रीत होती. शुक्रवारी दिवेलागणीला ज्याने त्याने आपल्या घासायच्या कानशी देवळातल्या पेटीत ठेवायच्या, विकायचा तयार तंबोरा घरात आढ्याला टांगायचा आणि शनिवार-रविवार त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. या दोन दिवसांत विकायचं काही करायचं नाही, बाकी वाटेल ते करा. कोणी मातीची पाखरं करी, कोणी करंजाच्या सावलीत आडवा होऊन बासरी फुंकी. सोमवारी सकाळी तंबोरा खाली घ्यायचा, छेडायचा आणि मगच त्यात काय कमी आहे ते ठरवायचं.

त्या गावात एक कारागीर होता. हाताचा मोठा हुशार, पण घटकाभर एका जागी बसेल तर शपथ. जेवतानाही त्याचा गुडघा हलत असायचा. आणि त्या आठवड्यात तर त्याच्या जिवाला भलताच घोर लागला होता. दरवर्षी एक म्हातारी गायिका गावात येई, सगळ्यांचे तंबोरे ऐकून एक निवडी आणि उत्सवात त्यावर गाई. या कारागिराचा तंबोरा तिने आजवर एकदाही उचलला नव्हता. ती येत्या सोमवारी येणार होती.

शुक्रवारी त्याने तंबोरा छेडला. आठवडाभर घासून घासून कानात नुसती खरखर भरली होती. त्याला वाटलं, सूर अजून उघडला नाही. तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात ती घोडी आणखी केसभर घासायला हवी. पण दिवस मावळला होता. मग कानशी पेटीत ठेवताना एक बारीकशी कानस त्याने हळूच पागोट्यात खोचली.

शनिवारी बायकोने त्याला नदीवर नेलं. ती गेरू कालवून एका मोठ्या दगडावर बगळे काढत बसली.

"अहो, बसा ना जरा."

"बसलोच आहे की."

"तुम्ही बसलाय, पण पाय घराकडे निघालेत."

त्याने गवताची काडी तोडली. मग दुसरी तोडली. "किती बगळे काढणार आहेस?"

"ते काही ठरवलेलं नाही."

"मग संपलं हे कळणार कसं?"

ती हसली आणि तिने आणखी एक बगळा काढायला घेतला. कारागिराला मात्र पागोट्यातली कानस टोचत होती. शेवटी त्याला राहवेना. तहान लागली म्हणाला आणि नदीकाठावरून उठून चक्क पाणी प्यायला घरी गेला.

घरी जाऊन त्याने तंबोरा खाली घेतला, घोडी एकदा घासली, तार छेडली. बरी वाटली. आणखी एकदा घासली. आता कमी वाटली, म्हणून पुन्हा घासली. असं करता करता तारेचा गुंजारव गेला आणि नुसतं टण टण उरलं. घासलेलं हाड काही परत चिकटवता येत नाही.

रविवारी सकाळी त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं. "अजून आजचा दिवस आहे. नवी घोडी करतो," तो म्हणाला.

"तीही अशीच घासाल," ती शांतपणे म्हणाली. "ती कानस पेटीत टाका आणि नदीवर चला."

तिचं बोलणं त्याला लागलं, पण खोटं वाटलं नाही. त्याने कानस पेटीत टाकली. तो दिवस त्याला फार जड गेला. चार वेळा उठला, चार वेळा बसला. उन्हं कलली तशी कानातली खरखर ओसरली. आधी पाणी ऐकू आलं, मग करंजातला वारा, मग कोणाचं तरी गुणगुणणं. त्याने मान वळवली. बायको बगळ्यांना चोची काढत गात होती.

"तू गातेस?"

"बारा वर्षं गातेय. दर शनिवार-रविवारी, इथेच."

सोमवारी गायिका आली. कारागीर हात जोडून म्हणाला, "बाई, माझा तंबोरा मीच बिघडवला." तिने शेजाऱ्याचा उचलला. उत्सवात ती गायली तेव्हा याच्या डोळ्यांतून पाणी आलं, थोडं गाण्याने आणि बरंचसं दुःखाने.

पुढच्या शुक्रवारी त्याने त्याच तंबोऱ्याला नवी घोडी बसवली. छेडून पाहिलं तर पुन्हा तेच, काहीतरी कमी वाटलं. पण या वेळी सगळ्या कानशी पेटीत गेल्या आणि दोन दिवस तो नदीवर बसला. सोमवारी त्याने तार छेडली आणि सगळं घर सुराने भरलं. घासण्यासारखं काही नव्हतंच. तो खाली बसला. म्हणजे बिघडवण्याआधीच्या त्या शुक्रवारीही तंबोरा असाच झाला असेल, थकले होते ते कान.

वर्षाने गायिका आली, तिने सगळे तंबोरे ऐकले आणि नेमका तोच उचलला.

कारागीर म्हणाला, "बाई, तुम्हाला दुसरा करून देतो. हा विकायचा नाही, माझ्या बायकोचा आहे. शनिवार-रविवारी आम्हाला नदीवर लागतो."

तात्पर्य एवढंच: काम पुरं झालं की नाही, हे थांबलेल्या माणसालाच ऐकू येतं.