कमी फेसाचा साबण

विहिरींना जड पाणी असलेल्या एका गावात हिराताई नावाची एक बाई राहायची. थंडीत तिथल्या लोकांची कातडी तडकायची, म्हणून ती घरीच आंघोळीचा पातळ साबण बनवायची. त्यासाठी तालुक्याहून फेसाची दोन द्रावणं आणायची, एक जहाल आणि एक मवाळ. मवाळ भरपूर, जहाल चमचाभर, आणि ग्लिसरीन मात्र सढळ हातानं. नवा साबण झाला की तीन दिवस ती आधी स्वतः त्यानं आंघोळ करायची आणि मगच बाटल्या भरायची. हा तिचा नेमच होता.

गावाची तक्रार एकच. शेजारच्या मथुरामावशी तर भेटतील तेव्हा म्हणायच्या, "हिरे, साबण गुणाचा हाय गं, पण फेस कुठंय? आंघोळ केल्यागत वाटतच न्हाई!"

रोज रोज ऐकून कुणाचंही मन फिरतं. संक्रांत पंधरवड्यावर आली, तेव्हा हिराताईनं नव्या साबणात जहाल द्रावण वाटीभर ओतलं. फेस असा आला की मोरीतला तांब्या दिसेना. दुसऱ्याच दिवशी तिच्या कोपराला खाज सुटली. "थंडीच मेली तशी हाय," अशी स्वतःची समजूत घालून तिनं बाटल्या भरल्या. कौतुकाची भूक लागली की माणूस स्वतःच्या कोपराचंही ऐकत नाही.

गाव खूश झालं. मथुरामावशींनी एकदम दोन बाटल्या नेल्या.

भिवबा कुंभार मात्र दोन दिवस दिसला नाही. तो तिचं पहिलं गिऱ्हाईक. दिवसभर मातीत राबणारे त्याचे हात याच साबणानं मऊ राहायचे, आणि गावभरची संक्रांतीची सुगडं त्याच हातांनी घडायची होती. हिराताई त्याच्या घरी गेली, तर चाक थांबलेलं. तिला पाहताच भिवबानं हात घोंगडीखाली लपवले.

"दाव बघू हात, दादा."

"काय न्हाई गं ताई. माझीच कातडी वंगाळ. तुझा साबण लई झ्याक हाय, फेस बी लई येतोय."

तिनं हात ओढून पाहिले. बोटं उलून रक्त आलं होतं. हिराताईला रडू कोसळलं. तिची अब्रू राखायला हा भला माणूस हात लपवून बसला होता!

"कातडी चांगली हाय तुझी. मला खाज सुटली हुती, तरी मी बाटल्या भरल्या. चूक माझी."

मग ती दारोदार गेली. बाही वर करून लालभडक कोपर दाखवलं, हेच सांगितलं आणि बाटल्या परत मागितल्या. मथुरामावशी काही केल्या देईनात. "भिवबाचे हात बघून या, मग बाटल्या खुशाल ठेवा," हिराताई म्हणाली. मावशी गेल्या. परत आल्या, दोन्ही बाटल्या हिराताईपुढे ओट्यावर ठेवल्या आणि भिवबासाठी तुपाची वाटी घेऊन पुन्हा निघाल्या.

त्या वर्षी घरटी पाचाऐवजी दोनच सुगडं मिळाली. कुणी कुरकुर केली नाही. संक्रांतीच्या सकाळी भिवबा पहिलं सुगड घेऊन हिराताईकडे आला. तिनं तीन दिवस वापरून पाहिलेल्या साबणाची नवी बाटली पुढे केली. त्यानं ती खळखळून हलवली. फेस जेमतेम आला.

"हां," भिवबा हसला, "ह्यो आपला वळखीचा."

तात्पर्य: दुसऱ्याच्या अंगाला लागणारी वस्तू करताना लोकांच्या वाहवेपेक्षा आपल्याला आधी जाणवलेलं खरं मानावं, आणि चुकलंच, तर ते दारोदार जाऊन सांगायला लाजू नये.