साखळीचे दुसरे टोक

एकदा एक जुनी जीप घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गॅरेजात आली. वयाने ती आपल्या मालकाहून चारदोन वर्षांनीच धाकटी असेल. मालक म्हणजे रोपांचा व्यापार करणारे एक शेट. त्यांची बाग घाटमाथ्याच्या पलीकडे, साधी गाडी जिथे पोचतच नाही अशा डोंगरात. डोंगरात ही जीप अजून बकरीच्या पायाने चढे, पण तिथवरचा दीडशे किलोमीटरचा डांबरी रस्ता मात्र तिच्या जिवावर येई. म्हणून शेटनी ठरवले, की डांबरीवर तिला पिकअपच्या मागे जोडून तिच्याच चार चाकांवर ओढत न्यायची आणि डोंगर आला की सोडायची.

दोरीने टोचन करायचे तर मागच्या गाडीत कोणीतरी स्टिअरिंग धरून बसावे लागते. लोखंडी बार असला की तेही नको. या बारला दोन पाय असतात, ते जीपच्या नाकाशी बसवायचे. पुढचा शेंडा पिकअपच्या हुकात. रिकामी जीप मुकाट मागे येते. हा बार बसवण्याचे काम गॅरेजच्या वृद्ध वस्तादांनी आपल्या शिष्याला दिले.

शिष्याचे नाव रघुवीर. तिशी ओलांडलेला, घरसंसार असलेला, सात वर्षे वस्तादांच्या हाताखाली राबलेला. त्या गॅरेजची एक रीत होती. वस्ताद आपल्या प्रत्येक कामाच्या कोपऱ्यात पोलादी ठशाने आपले अक्षर ठोकत. शिष्य तयार झाला की त्याच्या अक्षराचा ठसा त्याच्या हाती येई आणि पुढे त्याचे काम त्याच्याच नावाने रस्त्यावर जाई. ‘र’ कोरलेला एक कोरा करकरीत ठसा वस्तादांच्या खणात पडून आहे, हे रघुवीरने दिवाळीच्या साफसफाईत पाहिले होते. तेव्हापासून त्याची झोप निम्मी झाली होती. या जीपने ठसा मिळणार, असे त्याने मनाशी पक्के धरले.

आणि काम त्याने केलेही तसेच. चार दिवस तो जीपखाली पाठीवर पडून होता. चासी घासून काढली, गंजलेला भाग सोडला, निबर लोखंड शोधले. दोन जाड प्लेटा कापल्या, प्रत्येकीला चार बोल्ट दिले, त्यांवर बारचे पाय अडकवायला कान वेल्ड केले. बार सुटलाच तर जीप पिकअपला धरून राहावी म्हणून दोन साखळ्या लावतात, त्याही लावल्या. साखळ्यांची पुढची टोके पिकअपच्या चासीला जायची होती. मागच्या टोकांसाठी त्याने त्या दोन प्लेटांवरच सुबक कड्या काढल्या. सगळे एका ठिकाणी, एका रंगात, कुठे लोंबते काही नाही. रंग वाळल्यावर तो दोन पावले मागे सरून बघत राहिला. खरे सांगायचे तर त्याला स्वतःचाच हेवा वाटला.

निघण्याच्या दिवशी सकाळी वस्ताद आवारात, चढाच्या पायथ्याच्या बांधाशी जुने टायर रचताना दिसले. या वयात हे कसले वेड, असे रघुवीरला वाटले. शेट येणार म्हणून आवरत असतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

शेट पिकअप घेऊन आले. बार आणि साखळ्या तिला जोडल्या. त्यांचा मुलगा आणि नवी सून मोटरसायकलवर होती. जीपच्या मागे राहून तिच्यावर नजर ठेवायची, असे ठरले होते. ही युक्ती रघुवीरचीच. त्याने दोघांना बजावलेही होते, “धा-पंधरा हातांवर ऱ्हावा. काय हललं, वाजलं, की हॉर्न मारा.”

गॅरेज रस्त्याच्या खाली खोलगट जागेत होते. तिथून वर जायला वीसेक पावलांचा चांगला उभा चढ. पिकअप त्या चढावर चढली, मागोमाग जीप चढली आणि जीपच्या मागे मोटरसायकल उभी राहिली. जीप न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, टोचनात असावा तसा. नारळ फुटला.

“थांबा,” वस्ताद म्हणाले. “शेट, पिकअपचा हँडब्रेक वढून खाली उतरा. सूनबाई, तुमी दोघं मोटरसायकल घिऊन अशी कडंला या. च्या झालाय.”

मग त्यांनी जीपच्या मागच्या दोन्ही चाकांमागे दगड लावले, पान्हा घेतला आणि त्या सत्तरीच्या माणसाने जीपखाली अंग सारले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक बोल्ट होता. तो त्यांनी रघुवीरच्या तळहातावर ठेवला. पुन्हा आत गेले. दुसरा आणला. तिसरा आणला.

चार दिवसांचे काम, ठरलेला मुहूर्त, गिऱ्हाईक समोर, आणि गुरू स्वतःच्या हाताने सगळे उसवत होते. शेटचा कप हातातच राहिला. “वस्ताद, हे काय चाललंय?” त्यांनी विचारले. वस्ताद पुन्हा जीपखाली गेले. आठही बोल्ट काढून झाले. दोन्ही प्लेटा चासीला नुसत्या टेकून राहिल्या.

“रघू, आता जीप कशाच्या जिवावर हाय?”

तेव्हा कुठे रघुवीरच्या ध्यानात आले. ही तर साखळ्यांची परीक्षा. त्याचा जीव भांड्यात पडला, ओठांवर हसूही आले. “साखळीच्या, वस्ताद.”

“दम धरतील?”

“दोन जीपा तोलतील.”

“मग घे पहार. बाजूला उभा ऱ्हा आणि दगड सार.”

रघुवीरने एक दगड सारला. मग दुसऱ्या बाजूला जाऊन, अगदी निर्धास्तपणे, दुसरा सारला.

साखळ्या ताणल्याच नाहीत. प्लेटा खणकन खाली पडल्या, त्यांच्यासोबत बार पडला, साखळ्या पडल्या, आणि जीप मोकळी झाली. ती मागे निघाली तेव्हा रघुवीरला वाटले, थांबेल. पण ती थांबणार कशाला? उतार तिचा, चाके तिची. आवाज न करता ती वेग घेत गेली. मोटरसायकल जिथे उभी होती तिथे तेलाचा एक काळा थेंब पडला होता. जीपचे डावे चाक बरोबर त्या थेंबावरून गेले. मग धाडकन टायरांचा ढीग हादरला, बांधावरची माती सुटली आणि सगळीकडे धूळ झाली.

सुनेच्या हातातली बशी केव्हा फुटली ते तिलाही कळले नाही. शेट मुलाकडे बघत होते आणि मुलगा त्या थेंबाकडे. रघुवीर तर पहार धरून जिथे होता तिथेच थिजला. या दोघांना तिथे कोणी उभे केले होते? त्यानेच केले होते. धा-पंधरा हातांवर ऱ्हावा, असे त्यानेच बजावले होते.

वस्ताद खाली जाऊन जीप बघून आले. पाठीवरचा स्टेपनीचा टायर टायरांवर आपटला होता. जीपला ओरखडाही नव्हता. शेटपुढे त्यांनी हात जोडले. “शेट, माफी असावी. गाडीचं काय झालं असतं तर माझ्याकडं व्हतं. पर ह्ये दावल्याबिगर ही गाडी घाटात सोडनं मला जमलं नसतं.”

शेटनी मान हलवली.

मग वस्ताद शिष्याकडे वळले. “तुझ्या वेल्डिंगला नाव ठिवायला जागा न्हाई. साखळीबी सोन्यासारखी. पर साखळी कशापायी लावतो आपन?”

“बार सुटला तर...”

“बार कवा सुटल? प्लेट सुटली तर. जुनी चासी हाय, घाटात खड्डं हायती. म्या आठ बोल्ट पान्ह्यानं काढलं, घाट हिसक्यानं काढील. आन् तू साखळी बांधलीस कशाला? त्याच प्लेटीला. जे सुटल म्हून साखळी, त्यालाच साखळी. मग एक ग्येलं की दोनीबी ग्येलं. आन् साखळी हाय ह्या भरवशावर तू मागं मानसं हुबी क्येलीस.”

रघुवीरच्या तोंडून कसाबसा प्रश्न निघाला. “तोंडानं सांगितलं असतं तर, वस्ताद?”

“तू व्हय म्हनला असतास आन् कडी हलवली असतीस. फुडच्या गाडीला पुन्यांदा जवळची जागा बघितली असतीस. नेटकं दिसतं ना.”

रघुवीरची नजर खाली गेली. पिकअपच्या मागे मातीत साखळी पडली होती आणि तिच्या टोकाला प्लेट तशीच घट्ट होती. हे चित्र त्याने कुठेतरी पाहिले होते. कुठे, ते आठवले तेव्हा त्याने गॅरेजकडे वळून पाहिले. गॅरेजच्या भिंतीवर, वस्तादांच्या बैठकीच्या वर, एका खिळ्याला गंजलेली साखळी टांगलेली होती आणि तिच्या टोकाला अशीच एक वाकडी प्लेट लटकत होती. सात वर्षे तो ती भंगार समजत आला होता. भंगारवाल्याला ती कधी द्यायची नाही, एवढेच त्याला ठाऊक होते.

“ती...” तो म्हणाला आणि थांबला.

“व्हय. माझी हाय,” वस्ताद म्हणाले. “त्या दिवशी मागं टायर नव्हतं.”

जीप पुन्हा वर आणली. रघुवीरने जुन्या कड्या कापून काढल्या आणि प्लेटा आठ बोल्टांनी पुन्हा बसवल्या. नव्या, लांब साखळ्यांसाठी मात्र त्याने दोन हात मागे, चासीच्या आडव्या पट्टीवर, वेगळ्या कड्या आणि वेगळे बोल्ट घेतले. सगळे दिसायला आता तितकेसे नेटके नव्हते. दुपारी पुन्हा त्याच चढावर त्याने स्वतः आठही बोल्ट काढले, स्वतः दगड सारले. जीप वीतभर मागे आली, साखळ्या खाडकन ताणल्या आणि ती जागच्या जागी उभी राहिली. संध्याकाळी शेट निघाले. मुलगा आणि सून पिकअपच्या पुढे गेली.

वस्तादांनी खणातून ‘र’चा ठसा काढून शिष्यापुढे धरला. सात वर्षे ज्याची वाट पाहिली तो हातात घेताना रघुवीरला भीती वाटली. तो त्याने खिशात घातला. मग सकाळची एक साखळी, जिच्या टोकाला जुनी कडी प्लेटीच्या कापलेल्या तुकड्यासकट तशीच होती, ती उचलली आणि भिंतीशी गेला. तिथे खिळा होताच. वस्तादांच्या साखळीशेजारी तो आपली अडकवू लागला.

“रघू,” मागून आवाज आला. “दुसरा खिळा ठोक.”

रघुवीरने हातोडी घेतली.